शिवाजीनगर कोर्टाबाहेरचं टायपिंगचं टेबल: पाचपैकी चार

प्रतिज्ञापत्र कुठे करून घ्यावं, असं आमच्या सोसायटीत मला सारखं कोणी ना कोणी विचारत असतं. मी सेक्रेटरी आहे, आणि त्याआधी बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसून लोकांची प्रतिज्ञापत्रं वाचण्यातच नोकरीचा मोठा भाग गेला. तेव्हा एकदाचं लिहून टाकते. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाबाहेर टायपिस्ट आणि नोटरी टेबलं टाकून बसतात, त्यातल्या एका ताईंच्या टेबलाबद्दल हे आहे. दुकानाला नाव नाही. निळ्या ताडपत्रीखाली एक लॅपटॉप, एक छोटा प्रिंटर, बॅटरी, कागदांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवलेलं कुलूप. शेजारच्या खुर्चीत नोटरी वकील. एवढाच पसारा.

तिथे पोचायच्या आधी घराजवळच्या एका झेरॉक्सवाल्याचा अनुभव सांगायला हवा, नाहीतर ताईंचं कौतुक का ते कळणार नाही. भाच्याला उत्पन्नाचा दाखला हवा होता. झेरॉक्सवाल्याने विचारलंन काहीच नाही. ‘अ‍ॅफिडेव्हिट ना? पाचशेचा स्टॅम्प, टायपिंग, नोटरी, सगळं मिळून हजार.’ आणि वर, ‘कोणी यायची गरज नाही, आधारची झेरॉक्स व्हॉट्सअ‍ॅप करा, संध्याकाळी शिक्क्यासकट घेऊन जा.’ लोकांना ही सोय वाटते. मला ती ऐकून धडकीच भरली. प्रतिज्ञापत्र म्हणजे माणसाने समोर उभं राहून शपथेवर सांगितलेली गोष्ट. नोटरीचा गोल शिक्का एवढंच म्हणतो की हा माणूस माझ्यासमोर आला, त्याची ओळख पटली आणि त्याने माझ्यादेखत सही केली. माणूसच आला नसेल तर तो शिक्का खोटं बोलतोय, आणि उद्या वाद झाला की प्रश्न नोटरीला पडतील तसे सही करणाऱ्यालाही पडतील.

शिवाय पाचशेचा स्टॅम्प कशाला? ऑक्टोबर 2024 मध्ये राज्याने मुद्रांक शुल्क वाढवलं आणि प्रतिज्ञापत्राचा शंभराचा स्टॅम्प पाचशेचा झाला, हे खरं. पण उत्पन्न, जात, रहिवास, राष्ट्रीयत्व असल्या दाखल्यांसाठी सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला शुल्क माफ आहे, आणि ते आजचं नाही, 1 जुलै 2004 च्या आदेशापासूनचं आहे. 2025 मध्ये महसूलमंत्री बावनकुळे यांनी तेच पुन्हा जाहीर केलं, इतकी ही गोष्ट लोकांपर्यंत पोचलेली नव्हती. त्यातून कित्येक दाखल्यांना प्रतिज्ञापत्रसुद्धा लागत नाही. 2015 मध्ये राज्य सरकारने बऱ्याच ठिकाणी शपथपत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि स्वतःच सही केलेल्या झेरॉक्स चालतील असं ठरवलं. मी भाच्याला म्हटलं, तू आधी सेतूत, म्हणजे सरकारी दाखल्यांच्या केंद्रात, जाऊन विचार. तिथे पाच रुपयांच्या छापील फॉर्मवर काम झालं.

आता ताई.

वनाजकडून मेट्रोने आलात तर जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरायचं. गाडी घेऊन जाऊ नका, लावायला जागा मिळत नाही आणि मिळालीच तर ती दुसऱ्या कोणाची तरी असते. आम्ही गेलो ते सासूबाईंच्या कामासाठी. सासरे गेल्यावर फॅमिली पेन्शनचे कागद काढले, तेव्हा कळलं की सासूबाई कागदोपत्री तीन बायका आहेत. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. लग्नात नाव बदललं, ते रेशनकार्डावर आणि आधारवर. आणि सासऱ्यांच्या ऑफिसच्या नोंदीत सासरचंच नाव, पण पुढे ‘बाई’ लावलेलं. त्या पिढीतल्या कुठल्याही घरात हेच सापडेल. ऑफिसातून सांगण्यात आलं की तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा.

ताईंनी आम्हाला बसायला सांगायच्या आधी विचारलं, ‘कुठे द्यायचंय?’

मला तिथेच बाई आवडली. कारण सगळं त्यावर ठरतं. कोर्टात चालू असलेल्या दाव्यात द्यायचं असेल तर ते कोर्टातल्याच नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर करून घेतलेलं बरं. तहसीलचं काम असेल तर बहुतेक वेळा तिथेच, कार्यकारी दंडाधिकारी म्हणून नायब तहसीलदारांसमोर होतं. बँक, ऑफिस, सोसायटी, कॉलेज असेल तर नोटरी. आणि पासपोर्टचं असेल तर ताई सरळ घरी पाठवतात. आमच्यासमोरच एका मुलाला पाठवलं. पासपोर्टचे नियम डिसेंबर 2016 मध्ये सोपे झाले, तेव्हापासून त्यातली परिशिष्टं साध्या कागदावर स्वतःच्या सहीने चालतात, नोटरीचा शिक्का लागत नाही. तो मुलगा स्टॅम्पपेपर घेऊन आला होता. ताई म्हणाल्या, ‘अरे दादा, कशाला घेतलास? विचारायचंस की.’ आलेलं गिऱ्हाईक हातचं घालवणारा टायपिस्ट मी तरी आधी पाहिला नव्हता.

दुसरा प्रश्न, ‘त्यांनी काही नमुना दिलाय का?’ ऑफिसने दिला नव्हता. दिला असेल तर ताई तोच शब्दशः टाइप करतात, स्वतःची अक्कल चालवत नाहीत. कॉलेजच्या गॅप सर्टिफिकेटला, म्हणजे शिक्षणात खंड पडल्याच्या प्रतिज्ञापत्राला, हे फार उपयोगी पडतं, कारण प्रवेशपुस्तिकेत नमुना असतो आणि खिडकीवरचा माणूस एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी परत पाठवतो.

आमच्या मजकुराचा मसुदा माझ्या नवऱ्याने घरून लिहून नेला होता. पान-दीड पान. सुरुवात ठीक होती: ‘मी खाली सही करणार, वय 78 वर्षे, धंदा गृहिणी, राहणार कोथरूड, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की’, वगैरे. पुढे लिहिलं होतं, ‘माझ्या पतीच्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे माझे नाव चुकीचे नोंदले गेले.’ ताईंनी त्या ओळीवर पेन ठेवलं आणि सासूबाईंकडे वळल्या. ‘आजी, ऑफिसात नाव कोणी लिहिलं?’

‘मला काय ठाऊक बाई. यांनीच फॉर्म भरला असणार.’

‘मग हे वाक्य काढू या. जे तुम्हाला स्वतःला माहीत आहे तेवढंच लिहायचं.’

नवरा जरा खट्टू झाला, हलगर्जीपणा हा शब्द त्याने विचार करून घातला होता. पण बाईंचं बरोबर होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश 19 मध्ये, हेच आहे: प्रतिज्ञापत्रात सांगणाऱ्याने स्वतःच्या माहितीतल्या, स्वतः शाबीत करू शकेल अशाच गोष्टी सांगायच्या. अंतरिम अर्जांत ‘माझा असा विश्वास आहे’ चालतं, तेही विश्वासाला आधार काय ते सांगून. पेन्शनचं ऑफिस म्हणजे कोर्ट नव्हे, पण कागद शपथेचाच आहे. सासूबाई शपथेवर काय सांगू शकतात? माहेरचं नाव काय, लग्न कोणत्या साली झालं, सासरी काय नाव ठेवलं, नवऱ्याचं नाव काय, आणि या तिन्ही नावांनी ओळखली जाणारी बाई मीच. बास. दीड पानाचं अर्ध्या पानात आलं. प्रत्येक मुद्द्याला आकडा आणि समोर पुरावा: शाळेचा दाखला, रेशनकार्ड, ऑफिसचं पत्र. लग्नाची पत्रिका सासूबाईंनी जपून ठेवली होती, पिवळी पडलेली, तिच्यावर माहेरचं आणि सासरचं अशी सासूबाईंची दोन्ही नावं होती. ती बघून ताई खुश झाल्या. ‘ही लावाच. हिच्यापुढे कोणी बोलत नाही.’

इथे सोसायटीतल्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. अशा प्रतिज्ञापत्राने नाव बदलत नाही आणि कुठल्या दफ्तरातली नोंदही आपोआप दुरुस्त होत नाही. ते समोरच्या ऑफिसला एक लेखी आधार देतं, की या बाईंनी शपथेवर असं सांगितलंय, उद्या खोटं निघालं तर जबाबदारी त्यांची. मानायचं की नाही ते त्या ऑफिसने ठरवायचं. नाव खरोखर बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं, तो वेगळा रस्ता.

मजकूर ठरला की ताई स्टॅम्पपेपर प्रिंटरला लावत नाहीत. आधी साध्या कागदावर छापतात, हातात पेन्सिल देतात आणि म्हणतात, ‘प्रत्येक नावावर टिक करा, आधारशी ताडून.’ आम्ही टिक केली. आडनावात एक वेलांटी चुकली होती, ती सापडली. मग त्यांनी तेच पान पुन्हा छापून स्टॅम्पपेपरवर उजेडाकडे धरलं, मजकूर छापील भागावर चढत नाही ना ते पाहिलं आणि मगच पाचशेचा कागद आत सरकवला. तो आत गेल्यावर एक हात प्रिंटरच्या झाकणावर, आणि तोंडाने काही नाही. शेजारच्या टेबलावर त्याच वेळी एका काकांचा स्टॅम्प तिरका ओढला गेला आणि ‘आता नवीन आणा’ असं त्यांना ऐकावं लागलं. आवाज चढले.

स्टॅम्पपेपर मात्र ताई विकत नाहीत, तो परवानाधारक विक्रेत्याकडून आपणच आणायचा. ज्याच्या नावाने प्रतिज्ञापत्र त्याच्याच नावाने घ्या. मागच्या बाजूला विक्रेता नाव, कारण, तारीख लिहितो आणि सही घेतो. घरात कपाटात जुना पडलाय म्हणून तो घेऊन जाऊ नका, महाराष्ट्रात विकत घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरला नाही तर तो बाद होतो. रांगेत आमच्यापुढे असलेल्या बाईंना हे पटेना. ‘पैसे भरलेत ना?’ असा त्यांचा मुद्दा होता, आणि खरं सांगायचं तर मला तो अगदीच चूक वाटला नाही.

शेवटच्या परिच्छेदाकडे मी बँकेच्या सवयीने आधी बघते. ‘वरील मजकूर खोटा आढळल्यास मी अमुक कलमान्वये शिक्षेस पात्र राहीन’ हा तो. अजूनही गावभर जुन्या भारतीय दंड विधानाची (भादंवि) 193, 199, 200 ही कलमं छापत बसलेत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हीच कलमं 229, 236 आणि 237 आहेत. ताईंच्या मजकुरात नवीन आकडे होते. जुना आकडा पडला म्हणून प्रतिज्ञापत्र वाया जाईल असं मला वाटत नाही, पण टायपिस्ट साचा कधी उघडून बघतो की नाही ते यावरून कळतं. आणि शिक्षा काही नाममात्र नाही. न्यायालयीन कामात जाणूनबुजून खोटा पुरावा दिला तर सात वर्षांपर्यंत कैद, इतर प्रसंगी तीन वर्षांपर्यंत. ‘अ‍ॅफिडेव्हिटच तर आहे’ म्हणणाऱ्यांनी तो परिच्छेद एकदा मोठ्याने वाचावा.

मग नोटरी. साठीचे गृहस्थ, टेबलावर जाड रजिस्टर. मला वाटलं होतं, धाडधाड शिक्के मारतील. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि सासूबाईंना विचारलं, ‘आजी, यात काय लिहिलंय?’

सासूबाईंना कमी ऐकू येतं. मी सांगायला तोंड उघडलं तर नोटरींनी हातानेच मला थांबवलं आणि पुन्हा, मोठ्याने विचारलं. सासूबाईंनी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, लग्नात नाव कोणी सुचवलं, आत्याबाईंना कोणतं हवं होतं, तांदळात अंगठीने कसं लिहिलं, सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग आधारकार्डावरचा फोटो आणि चेहरा ताडला, सही समोर करायला लावली, रजिस्टरमध्ये नोंद केली, तिथेही सही घेतली, तिकीट लावलं, गोल शिक्का मारला आणि नोंदणीचा क्रमांक हाताने लिहिला. सही थरथरत असेल तर अंगठाही घेतात आणि खाली ‘निशाणी डावा अंगठा’ लिहितात, मजकूर वाचून दाखवल्याची ओळही घालतात. सासूबाईंना अंगठ्याचं विचारलेलं आवडलं नाही. सातवी पास आहेत.

याला वेळ लागतो. आमच्या मागच्या लोकांची चुळबुळ चालू होती. पण बँकेत असताना मी जी प्रतिज्ञापत्रं परत पाठवली त्यातली बरीचशी याच ठिकाणी कच्ची होती: क्रमांक नाही, तारीख सहीच्या आधीची, किंवा खाडाखोड आणि तिच्याजवळ सही नाही.

भाडेकरूंचंही सांगते, कारण ते आमच्या सोसायटीचं रोजचं दुखणं आहे. आम्ही बसलो असताना एक जोडपं अकरा महिन्यांचा करार नोटरी करून मागायला आलं. ताईंनी करून दिला नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 आहे. अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी नको, ही दुसऱ्या राज्यांतून आलेली समजूत. आणि नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची, हे आमच्या बी विंगमधल्या दोन सभासदांनी कृपया वाचावं. तसंच फ्लॅट मुलाच्या नावावर करायला प्रतिज्ञापत्र पुरत नाही, त्याला नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं. मागच्या वार्षिक सभेत यावर अर्धा तास गेला आणि एक सभासद अजून माझ्याशी बोलत नाहीत. शेअर सर्टिफिकेट हरवल्याचं प्रतिज्ञापत्र मात्र चालतं, नव्हे लागतंच, सोबत पोलिसांत दिलेल्या खबरीची प्रत आणि सोसायटीच्या नावे हमीपत्र. त्यात ‘हरवलं’ एवढं लिहून भागत नाही. गहाण ठेवलेलं नाही, कोणाला विकलेलं नाही आणि सापडल्यास परत करीन, ही तीन वाक्यं हवीतच. ताईंच्या साच्यात तिन्ही आहेत, मी विचारून घेतलं.

आता एक तारा का कापला ते. पहिलं, दरपत्रक नाही. नोटरींनी आपले दर आत आणि बाहेर, दिसतील असे लावायचे, असं नियमातच आहे. इथे ‘द्या काकू, तुमच्याकडून जास्त घेणार का’ हे दरपत्रक. आमच्याकडून टायपिंगचे दीडशे आणि नोटरीचे तीनशे घेतले. कामाच्या मानाने मला जड वाटले नाहीत, पण बोर्ड हवा म्हणजे हवा, आणि पावतीही न मागता मिळायला हवी. ती मी मागितल्यावर मिळाली, लेटरहेड शोधण्यात जरा वेळ गेला. दुसरं, बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातली एक डगमगती. म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणारे इतके असतात की हे लक्षात यायला हवं होतं. तिसरं, नोटरी साहेब साडेअकराच्या आत येत नाहीत आणि दीड वाजता डब्याला उठतात. मधल्या दोन तासांत सगळं पुणं तिथे जमतं. दुपारी तीननंतर जा, निवांत होतं.

आणि प्रिंटरची शाई फिकट आहे. मूळ प्रत वाचता येते, पण झेरॉक्स काढली की गोल शिक्क्यातली अक्षरं जातात. पेन्शनच्या ऑफिसात त्यावरून एक प्रश्न आला, मूळ प्रत दाखवल्यावर मिटला. म्हणून तिथेच बसून मूळ प्रतीचा रंगीत स्कॅन काढून घ्या, ताई दहा रुपयांत ईमेल करतात.

जाताना न्यायचं ते असं: ज्याची शपथ तो माणूस जातीने, त्याचं मूळ आधारकार्ड, दोन फोटो, त्याच्याच नावाचा स्टॅम्प (लागत असेल तरच, आधी विचारा), आणि ज्या ऑफिसने मागितलंय त्याचं पत्र किंवा नमुना. पत्र नसेल तर तोंडी काय सांगितलं ते चिठ्ठीवर लिहून न्या. ‘असंच काहीतरी अ‍ॅफिडेव्हिट आणा म्हणाले’ एवढ्यावर ताई टायपिंग सुरू करत नाहीत, त्या ऑफिसला फोन लावायला लावतात, तोही स्पीकरवर.